गिटार वाढत्या मापाची घेऊ नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून विचारलं, “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर संगणक आणि उद्याचं जग यावर बोलशील ना?” मी म्हटलं, “मला गिटारच्या मापावर बोलायचं आहे.” पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “बरं, पण वीस मिनिटांत आटपा.” तर आटपते.

विषय वाटतो तेवढा ऐनवेळचा नाही. आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीने शाळेच्या संगीतवर्गाला बारा गिटार द्यायचं ठरवलं आहे. पैसे जमले आहेत. व्हॉट्सॲपच्या गटावर महिनाभर चर्चा झाली आणि बहुमत असं दिसतं की बाराच्या बारा मोठ्या गिटार घ्याव्यात. कारण एकच: “मुलं काय, वाढतातच. लहान घेतली तर दोन वर्षांत वाया जाईल.” हे म्हणणारी माणसं कंजूष नाहीत, हे मला माहीत आहे. आपण सगळेच तसे वाढलो. जूनच्या आधी पेणच्या बाजारात गणवेशाचं कापड घ्यायचं आणि शिंप्याला सांगायचं, “वाढत्या अंगाचा शिवा.” बाह्या बोटांपर्यंत यायच्या, खाली चार बोटं दुमड घातलेली असायची, आणि दर जूनमध्ये ती थोडी थोडी सुटायची. चपलाही तशाच घ्यायच्या, पुढे कापूस कोंबून. त्यात काही चुकलं नाही. ढगळ सदरा घातला म्हणून कोणाचं गणित अडलं नाही.

ढगळ गिटारवर मात्र मूल अडतं. आणि अडलं की त्याला वाटतं, दोष आपल्या बोटांत आहे. माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

मी संगीताची पदवीधर नाही, हे आधीच सांगते. नोकरी नवी मुंबईत, दिवसभर समोर पडदा आणि कोड. अडतिसाव्या वर्षी गिटार शिकायला लागले. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी पेणला माहेरी येते, तेव्हा रविवारी सकाळी पडवीत आठ-दहा मुलं गिटार घेऊन बसतात. महिन्यातून एकदा रोह्याला भावाकडे जाते, तिथे आणखी चार-पाच जण असतात. फी नाही, परीक्षा नाही. त्यामुळे मुलं येतात ती आवडीने येतात आणि सोडतात तीही मोकळेपणाने सोडतात. कोण का सोडतं हे मी पाहत गेले. आळस, अभ्यास, क्रिकेट ही कारणं आहेतच. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण मांडीवर बसलेलं होतं: त्यांच्यापेक्षा मोठी गिटार.

आधी माप म्हणजे काय ते पाहू. दुकानात गिटार इंचांत विकली जाते: ३०, ३४, ३६, ३८, ३९, ४१. हे इंच म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची पूर्ण लांबी. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची लांबी वेगळी आहे. तार जिथून सुटते ती वरची पट्टी आणि जिथे टेकते तो खालचा घोडा, या दोहोंमधली मोकळी तार किती लांब आहे ते पाहायचं. पूर्ण मापाच्या गिटारवर ती साधारण ६५० मिलिमीटर असते. पाऊण म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारवर ५८० च्या आसपास आणि अर्ध्या मापाच्या गिटारवर ५३० च्या आसपास. प्रत्येक कंपनीत थोडा फरक पडतो. गणिताच्या सरांनी एव्हाना ओळखलं असेल की ५८० हे ६५० च्या पाऊणपट नाहीत, जवळजवळ नव्वद टक्के आहेत. अर्धी, पाऊण ही नुसती नावं आहेत, तो हिशेब नाही. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी न्या.

हे ६५० देखील काही वेदवाक्य नाही. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचा कारागीर होऊन गेला. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार आणि ही लांबी त्याच्या कामातून रूढ झाली. पुढे १९६० च्या दशकात माद्रिदच्या रामिरेझ यांच्या कारखान्यातून ६६४ मिलिमीटरच्या गिटार निघत होत्या. आज चांगले कारागीर ६४० आणि ६३० च्याही बनवतात, कारण वाजवणारे हात सारखे नसतात. मोठ्या माणसांच्या गिटारमध्ये एवढा विचार होतो, तर पाचवीतल्या मुलाच्या हाताचा व्हायला नको?

आता थोडा हिशेब करते, सवय आहे. गिटारच्या मानेवर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना आपण फ्रेट म्हणतो. पहिल्या फ्रेटचं घर सर्वांत रुंद, पुढचं प्रत्येक घर ठरलेल्या प्रमाणात अरुंद होत जातं, आणि बाराव्या फ्रेटवर तार बरोबर अर्धी होते. नवशिक्याचं सगळं काम पहिल्या तीन-चार घरांत, म्हणजे सगळ्यांत रुंद घरांत चालतं. पूर्ण मापाच्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर सुमारे ९८ मिलिमीटर. पाऊण मापावर ते ८७ आणि अर्ध्यावर ८०. म्हणजे तर्जनी पहिल्या फ्रेटशी ठेवून करंगळीने चौथा गाठायचा, तर मोठ्या गिटारवर एक सेंटिमीटर जास्त ताणावं लागतं. आपल्याला एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या पंजात तोच सेंटिमीटर म्हणजे जमणं आणि न जमणं यांतलं अंतर आहे.

दुसरी गोष्ट ताणाची. बारावीला सोनोमीटरचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना आठवेल: तीच तार त्याच सुराला लावायची, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५० ऐवजी ५८० लांबी घेतली तर ताण जवळपास एक पंचमांश कमी होतो. ५३० वर तर एक तृतीयांश कमी. लहान गिटारवर बोट कमी ताणावं लागतं आणि तार दाबायलाही कमी जोर लागतो. मोठी गिटार लहान मुलाला दोन्हीकडून छळते.

यावर एक शंका नेहमी येते. “मग लहानच ठेवू की. मोठी हवीच कशाला?” तसंही नाही. लहान पेटीचा खर्ज पातळ असतो. अगदी छोट्या, पाव मापाच्या गिटारवर तर नेहमीच्या सुरात तारा इतक्या ढिल्या पडतात की त्या खडखडतात, म्हणून ती बऱ्याचदा वरच्या सुरात लावतात. मुलाचा हात वाढला की अरुंद मानेवर बोटं एकमेकांवर चढतात. एक तार दाबताना शेजारची दबते आणि ती मुकी होते. मूल पुढे वाकतं, गिटार मांडीवरून घसरते. लहान चपलेत पाय कोंबल्यासारखं होतं. तेव्हा बदलायची वेळ असतेच, आणि ती ओळखावी लागते.

कशी ओळखायची? वयाचे ढोबळ आकडे आहेत: पाच-सहा ते आठ वर्षांपर्यंत अर्धी, आठ ते अकरा पाऊण, बारानंतर पूर्ण. पण एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो हे शिक्षकांना मी सांगायला नको. वय अंदाजाला ठेवा. निकाल मुलाच्या शरीराकडून घ्या. मी चार गोष्टी पाहते, पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिली: मुलाला हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. गिटार मांडीवर द्या. उजवा हात पेटीवरून तारांवर येतो तेव्हा खांदा वर उचलला जातो का? खांदा कानाकडे चालला असेल तर पेटी मोठी आहे. मूल स्वतः कधी सांगत नाही. त्याला वाटतं, असंच बसायचं असतं.

दुसरी: डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत न्यायला सांगा. कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात काठीसारखा सरळ झाला तर मान लांब आहे.

तिसरी: सर्वांत जाड तारेवर पहिल्या चार घरांत चार बोटं एकेक करून ठेवायला सांगा, आधीचं बोट न उचलता. मनगट वळून बाहेर येत असेल किंवा करंगळी पोहोचताना तर्जनी सुटत असेल, तर अजून थांबा.

चौथी: त्याला येणारं एक गाणं पूर्ण वाजवू द्या आणि चेहऱ्याकडे पाहा. मधेच हात झटकतो का, अंगठ्याच्या मुळाशी चोळतो का? बोटांची टोकं दुखणं पहिल्या महिन्यांत सगळ्यांनाच होतं, ते जातं. मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखणं मात्र माप किंवा बसणं चुकल्याची खूण आहे. त्याला “सराव कर, सवय होईल” असं सांगू नका.

चारही गोष्टी मोठ्या गिटारवर नीट जमल्या, तर मूल मोठ्या गिटारला तयार आहे. तीन जमल्या तर आणखी सहा महिने.

मोठी गिटार मागण्याआधी आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी, तारांची उंची. स्वस्तातल्या नव्या गिटारच्या तारा पुष्कळदा मानेपासून नको इतक्या वर असतात. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात स्टीलच्या तारेला अडीच-तीन आणि नायलॉनला तीन-चार मिलिमीटर अंतर पुरतं. ते पाच-सहा असेल तर कोणतंही माप जड जाणार. घोड्यावरची पट्टी खालून घासली की उंची कमी होते. जाणत्या माणसाकडून करून घेतलं तर तासाभराचं काम आहे. आपल्याकडे, ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, हे दरवर्षी पाहावं लागतं. जुलैत लाकूड ओल धरतं, पेटी फुगते, तारा वर येतात, आणि ऑगस्टपर्यंत स्टीलच्या तारा तांबूस होतात. मेमध्ये वाजवणारं मूल गणपतीत म्हणतं, “मला आता जमत नाही.” त्याचं काही बिघडलेलं नसतं, गिटारने पाऊस पाहिलेला असतो.

आता एका मुलाबद्दल सांगते. हमरापूरच्या बाजूचा, तेव्हा नऊ वर्षांचा, अंगाने बारीक. वडील गणपतीच्या कारखान्यात काम करतात. एका रविवारी ते मुलाला घेऊन पडवीत आले. मुलाच्या पाठीवर ४१ इंची गिटार. तो बसला तेव्हा पेटीच्या वर फक्त डोळे दिसत होते. वडील म्हणाले, “ताई, यंदा मूर्तींचा हंगाम बरा गेला. पोराचा हट्ट होता. दुकानदार म्हणाला, हीच घ्या, पुन्हा घ्यायला लागणार नाही.” हंगामाच्या कमाईतून घेतलेली वस्तू. ती मोठी आहे हे सांगणं सोपं होतं. पण सांगून त्या घरात काय झालं असतं? पैसे परत मिळणार नव्हते. मुलाला वाटलं असतं की आपल्यामुळे बाबांचे पैसे बुडाले. आणि दुसरी गिटार घ्या असं म्हणणं माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

तेव्हा हिशेब उपयोगी पडला. कॅपो नावाचा एक चिमटा मिळतो. तो मानेवर लावला की सगळ्या तारा तिथे दाबल्या जातात आणि वाजणारी तार तेवढी आखूड होते. ६५० मिलिमीटरच्या गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला तर उरलेली तार ५७९ मिलिमीटर होते. म्हणजे जवळजवळ नेमकी पाऊण मापाची लांबी! घरंही तेवढीच अरुंद. कॅपोमुळे सूर दोन पट्ट्या चढतो, म्हणून आधी सगळ्या तारा दोन पट्ट्या उतरवून लावायच्या. मग कॅपो लावल्यावर नेहमीचा सूर मिळतो, आणि ताणही पाऊण गिटारइतकाच कमी राहतो. तारांची उंचीही कॅपोपाशी आपोआप कमी होते. पेटी मात्र मोठी ती मोठीच. तिच्यासाठी डाव्या पायाखाली पाट ठेवला, मान वर तिरकी केली, आणि गिटार डाव्या मांडीवर घेतली, म्हणजे उजवा खांदा बराच खाली आला. पाऊण गिटारइतकं सोयीचं झालं नाही, पण वाजवता येईल इतकं झालं.

वडिलांना मी हे समजावून सांगू लागले तर ते मला थांबवून म्हणाले, “कळलं ताई. आमच्याकडे पण पोराला पहिल्या दिवशी डोळ्यांची आखणी करायला देत नाहीत. आधी अंगाचा रंग, मग सोवळं, शेला, दागिने. हात बसला की डोळे.” पेणमध्ये राहून आपण सगळे हे लहानपणापासून पाहत आलो. नवशिक्याला कमी प्रतीचं काम दिलं असं तिथे कोणी म्हणत नाही. हाताला झेपेल ते काम दिलं, म्हणून हात तयार होतो.

सव्वा वर्षाने त्या मुलाचा कॅपो पहिल्या फ्रेटवर आला आणि तारा एक पट्टी उतरवून लागल्या. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी कॅपो निघाला. गिटार तीच राहिली, मूल तिच्याएवढं झालं. आज त्याच्यासमोर कोणी “माझी बोटं लहान आहेत” म्हटलं तर तो खिशातून कॅपो काढतो.

माझ्या रोह्याच्या भाचीचं वेगळं झालं. ती दहा वर्षांची असताना एका शिकवणीत तिला पूर्ण मापाची गिटार दिली गेली आणि दोन महिन्यांनी सांगितलं गेलं की हिची बोटं छोटी आहेत, हिला हार्मोनियमला घाला. मूल गप्प झालं. घरी गिटारचं नावसुद्धा काढेना. मी पाऊण मापाची गिटार दिवा-रोहा गाडीने नेली आणि काही न बोलता तिच्या खोलीत ठेवून आले. आठवड्याने भावाचा फोन आला, आतून आवाज येतोय. ती आज अकरावीत आहे आणि पूर्ण मापाची गिटार वाजवते. पण माझ्या मनात राहून गेलं ते वेगळंच. जिची आत्या गिटार घेऊन आली नाही, अशा किती जणी असतील? ज्यांनी “आपल्याला संगीताचं अंग नाही” हे दहाव्या वर्षी कायमचं मान्य करून टाकलं? आज या सभागृहातही असतील. माप चुकलं होतं आणि निकाल माणसावर लागला.

आता मोठी गिटार म्हणजे वरची इयत्ता, ही समजूत. पालक म्हणतात, “चांगले मार्क मिळव, मोठी गिटार घेऊ.” मुलं एकमेकांना चिडवतात, “तू अजून छोटीच वाजवतोस?” म्हणून न झेपणारी गिटार हट्टाने मागितली जाते. मला इथे मिरजेचं उदाहरण द्यावंसं वाटतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरे बनतात. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पुरुषी आवाजासाठी मोठा तानपुरा आणि बायकांच्या आवाजासाठी लहान तानपुरा वेगळा करतात, कारण सूर वेगळा. लहान तानपुऱ्यावर गाणारी गायिका कोणापेक्षा कमी आहे असं म्हणायची कोणाची टाप आहे? वाद्याचं माप माणसाला बसवतात, मानाला नाही. व्हायोलिनवाल्यांनी तर हे कधीच मान्य केलं आहे. अगदी एक सोळांश मापापर्यंत व्हायोलिन मिळतं, आणि जपानच्या शिनिची सुझुकी यांची जगभर गेलेली शिकवण्याची पद्धत त्या चिमुकल्या व्हायोलिनांवरच उभी आहे.

हेच मोठ्यांनाही लागू आहे. इथल्या माझ्या मैत्रिणींपैकी तिघींनी मला विचारलं, “आता आम्ही शिकलो तर चालेल का?” चालेल. आणि हात लहान असेल तर ६३० किंवा पाऊण मापाची गिटार घ्या आणि आयुष्यभर तीच वाजवा. मोठीवर जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. माझी स्वतःची गिटार पूर्ण मापाहून लहान आहे आणि मी ती बदलणार नाही.

मूल तयार झालं, गिटार बदलायची ठरली, तर ती कधी आणि कशी बदलायची? इथे माझ्या नोकरीतला एक नियम सांगते. चालू प्रणालीत एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही. गिटारचंही तसंच. लहान मुलांच्या गिटारला सहसा नायलॉनच्या तारा असतात. मोठी घेताना पुष्कळ जण एकदम स्टीलची घेतात. मूल कुरकुरलं तर माप जड गेलं की तार, हे कोण सांगणार? आधी माप बदला, तार नायलॉनच ठेवा. सहा महिन्यांनी हवं तर स्टील.

बदल स्नेहसंमेलनाच्या तोंडावर करू नका, दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत करा. पहिला महिना दोन्ही गिटार घरात असू द्या. नव्यावर रोज दहा मिनिटं, बाकीचा सराव जुन्यावर, आणि हळूहळू वेळ उलटी करा. नव्या गिटारवर नवं गाणं काढू नका. हातात बसलेलं जुनंच वाजवा, म्हणजे लक्ष फक्त अंतरांकडे राहतं. जुनी गिटार लगेच देऊन टाकू नका. महिन्याभराने मूल स्वतःच तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, तेव्हा द्या.

आता आपल्या बारा गिटारांकडे येते. पाचवी ते दहावीची मुलं वाजवणार. माझा प्रस्ताव असा: दोन अर्ध्या मापाच्या, सहा पाऊण मापाच्या, चार पूर्ण मापाच्या. सगळ्या नायलॉन तारांच्या. पेटी प्लायवूडची चालेल, पावसाळ्यात ती जास्त टिकाव धरते. सोबत सहा कॅपो, पायाखाली घ्यायला सहा लाकडी पाट, तारांचे जादा संच, आणि वर्षातून दोनदा तारांची उंची पाहून देईल असा एक माणूस.

“लहान गिटार वाया जाईल” या आक्षेपाला माझं उत्तर असं: घरात एक मूल असतं, तिथे ती वाया जाऊ शकते. शाळेत दर जूनला नवी पाचवी येते. लहान गिटारला शाळेइतका चांगला मालक मिळणार नाही. मोठ्या बारा घेतल्या तर पाचवी-सहावीची मुलं पहिल्या पावसाळ्यातच गळतील, आठवीला आल्यावर परत येणार नाहीत, आणि गिटार कपाटावर धूळ खात राहतील. वाया जाणं ते.

आणखी एक. आपल्या प्रगतीपुस्तकावर उंची आणि वजनाचा रकाना असायचा. वर्षातून दोनदा भिंतीला टेकवून उंची मोजायचे, आठवतं ना? त्याच दिवशी संगीतवर्गातल्या मुलांची ही पाच मिनिटांची तपासणी व्हावी. एक नोंदवही ठेवू. मुलाचं नाव, सध्याचं माप, तारीख, आणि पुढचं माप कधी पाहायचं. मोठं माप मिळालं की जुनी गिटार त्यानेच पुढच्या मुलाच्या हातात द्यायची आणि पहिल्या दिवशी ती कशी धरायची ते त्यानेच दाखवायचं. पहिली दोन वर्षं महिन्यातून एका शनिवारी येऊन ही तपासणी मी करीन, आणि शाळेतल्या ताई-सरांना दाखवून ठेवीन. त्यानंतर माझी गरज लागू नये.

जेवणाच्या सुट्टीनंतर समितीची बैठक आहे. मागणी नोंदवायचा कागद अध्यक्षांकडे आहे आणि त्यावर सध्या “गिटार, मोठी, नग १२” असं लिहिलं आहे. ती ओळ खोडून तीन ओळी लिहायच्या आहेत, एवढीच माझी विनंती. मोजपट्टी मी आणली आहे.